पेढीच्या संगणकालाही नाका हवा

रात्री दुकान वाढवताना आपण काय करतो? शटर ओढतो, दोन्ही बाजूंची कुलुपे लावतो, एकदा हिसका देऊन पाहतो आणि अल्लाहचे नाव घेऊन घराची वाट धरतो. परंतु त्याच दुकानात एक दरवाजा असा असतो की ज्याला ना शटर असते ना कुलूप. तो म्हणजे इंटरनेटची तार. कॅमेरे रात्रभर चालू राहावेत म्हणून ती जोडणी आपण बंद करीत नाही. त्या तारेच्या एका टोकाला आपला हिशेबाचा संगणक आणि दुसऱ्या टोकाला सारे जग असते. मध्ये पहारा कोणाचा, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न मोठ्या कंपन्यांचा आणि बँकांचा होता. आज तो भिवंडीच्या यंत्रमागवाल्याचा आहे, मालेगावच्या सूतव्यापाऱ्याचा आहे, संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र घेणाऱ्या कारागिराचा आहे आणि यात्रेकरूंच्या पासपोर्टच्या प्रती सांभाळणाऱ्या हज-उमरा टूरवाल्याचाही आहे. जीएसटी आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, खातेवही संगणकात गेली आणि संगणक इंटरनेटला जोडला गेला. कोणाकडे किती उधारी आहे, कोणत्या कारागिराची किती मजुरी देणे आहे, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भाव लावला, हे सर्व त्या एका पेटीत आहे. ती पेटी एका सकाळी उघडलीच नाही तर धंदा किती दिवस तग धरील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जकात नाका आठवा

या पहाऱ्याला फायरवॉल म्हणतात. नाव परके असले तरी तिचे काम आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही. मुंबईत ३० जून २०१७ पर्यंत जकात होती. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली येथील नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. नाकेदार प्रत्येक ट्रकचे कागद पाहत असे. माल कोठून आला, कोणाकडे चालला, काय माल आहे, एवढे पाहून ट्रक सोडायचा की अडवायचा ते ठरे. शहरात शिरण्याची वाट एकच असली आणि त्या वाटेवर नाका असला, की शहराच्या प्रत्येक गल्लीत शिपाई उभा करावा लागत नाही.

इंटरनेटवर माल सलग येत नाही. एखादे पत्र असो, छायाचित्र असो वा बिल असो, त्याचे लहान लहान तुकडे होतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटला जणू एक बिल्टी चिकटवलेली असते. तीवर चार गोष्टी मुख्य असतात. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, कोणत्या पद्धतीची वाहतूक आहे ते, आणि पोर्ट क्रमांक.

पोर्ट म्हणजे काय? आपल्या गाळ्याचा पत्ता एकच असतो, पण आत वेगवेगळी दारे असतात. गिऱ्हाइकाचे दार, मालाचे दार, कारागिरांचे दार. संगणकाचेही तसेच आहे. त्याला ० ते ६५५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. सुरक्षित संकेतस्थळांचे दार ४४३ क्रमांकाचे, टपाल पाठवण्याचे २५ चे, विंडोजच्या संगणकांत आपापसात फायली वाटून घेण्याचे ४४५ चे, तर दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवण्याचे दार ३३८९ चे. यांपैकी बाहेरच्या जगासाठी कोणते दार उघडे असावे? साध्या दुकानाच्या बाबतीत उत्तर आहे, एकही नाही.

येथे कोणी विचारील, सर्व दारे बंद केली तर इंटरनेट चालणार कसे? याचे उत्तर फायरवॉलच्या स्मरणात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जे पहिले नाके बनले, ते फक्त बिल्टी वाचत आणि लगेच विसरत. १९९४ च्या सुमारास बाजारात आलेल्या नव्या फायरवॉल लक्षात ठेवू लागल्या. आतल्या माणसाने बाहेर मागणी पाठवली की नाकेदार तिची नोंद करतो. मग त्या मागणीचे उत्तर म्हणून माल आला की नोंद पाहून तो आत सोडतो. न मागता आलेला माल मात्र परत. म्हणजे आपण बँकेचे संकेतस्थळ उघडू शकतो, जीएसटीचे विवरणपत्र भरू शकतो, आणि तरीही बाहेरचा कोणी आपणहून आत शिरू शकत नाही.

धक्क्यांनी शिकवलेले शहाणपण

ही विद्या कोणा पंडिताने एका दिवसात लिहिली नाही. नुकसान होत गेले तसतशी ती वाढली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला एक कार्यक्रम आपल्याच प्रती काढत पसरला आणि अंदाजे ६,००० संगणक त्याने ठप्प केले. तेव्हाचे इंटरनेट म्हणजे ओळखीच्या लोकांचे गाव होते, कोणी कोणाला दार लावत नसे. त्या दिवसानंतर दारे लावण्याचा विचार सुरू झाला. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत जगाला पहारा का हवा ते कळून चुकले होते.

परंतु सर्वांत बोलका धडा २०१७ सालचा आहे. त्या वर्षी दोन महिन्यांत दोन घाले पडले, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की नाका काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे स्पष्ट होते.

पहिला घाला १२ मे २०१७ चा. वॉनाक्राय नावाचा कार्यक्रम त्या शुक्रवारी जगभर पसरला. तो संगणकातील फायलींना गुप्त कुलूप लावी आणि किल्लीसाठी बिटकॉइनच्या रूपात ३०० डॉलर मागे. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बंद पाडले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालये चालवणाऱ्या संस्थांपैकी सुमारे एक तृतीयांश संस्थांना त्याचा फटका बसला, रुग्णांना दिलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. हा चोर आला तो वर सांगितलेल्या ४४५ क्रमांकाच्या दाराने. त्या दारातील दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. ज्यांनी ती बसवली त्यांचे दार पक्के होते, आणि ज्यांच्या नाक्यावर ४४५ बंद होते त्यांच्या दारापर्यंत चोर बाहेरून पोहोचूच शकत नव्हता. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ च्या अहवालात हेच नोंदवले की इंटरनेटच्या बाजूच्या फायरवॉलची नीट व्यवस्था ठेवली असती तर या संस्थांचा बचाव झाला असता.

दुसरा घाला २७ जून २०१७ चा, आणि तो आपल्या दारापर्यंत आला. नॉटपेट्या नावाचा हा कार्यक्रम युक्रेनमध्ये सुटला. तेथे कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नवे सुधारित रूप म्हणून तो आला. म्हणजे चोर खिडकीतून आला नाही. रोजचा माल घेऊन येणाऱ्या विश्वासू टेम्पोत बसून आला. नाकेदाराने कागद पाहिले, ते खरे होते, टेम्पो आत गेला. जहाज वाहतुकीतील डेन्मार्कची मर्स्क कंपनी यात सापडली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाचे एक टर्मिनल आहे, तेथील कामकाज कोलमडले आणि कंटेनर अडकून पडले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

एवढ्या मोठ्या कंपनीजवळ पैसा होता, माणसे होती, ती दहा दिवसांत उठून उभी राहिली. आपल्यासारख्या दहा मागांच्या किंवा एका गाळ्याच्या धन्याला अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही.

खोट्या बिल्टीचा डाव

नाक्यावरच्या तपासणीत आणखी एक बारकावा आहे. बिल्टीवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितो कोण? पाठवणाराच. मग तो खोटा पत्ताही लिहू शकतो.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर हाच डाव टाकला गेला. समजा, आपल्या दुकानात एकामागून एक फोन येत आहेत. प्रत्येक जण मालाची मागणी नोंदवतो, खोटा पत्ता देतो आणि गप्प होतो. आपण प्रत्येकासाठी माल काढून ठेवतो, पत्त्यावर निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर येतच नाही. थोड्याच वेळात गल्ल्याजवळ पाय ठेवायला जागा उरत नाही आणि खरे गिऱ्हाईक दारातून परत जाते. पॅनिक्सच्या यंत्रांचे असेच झाले. चोरी काही झाली नाही, पण धंदा बंद पडला.

यावर पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी या दोन तज्ज्ञांनी जानेवारी १९९८ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. मे २००० मध्ये ते सुधारून आले आणि आजही तीच उत्तम पद्धत मानली जाते. त्यांचे म्हणणे साधे होते. खोटी बिल्टी मालाच्या मुक्कामावर ओळखता येत नाही, जेथून माल निघाला तेथेच ओळखता येते. इंटरनेट पुरवणाऱ्याला आपल्या कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता पत्ता दिला आहे हे ठाऊक असते. त्या गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याच पत्त्याचे पॅकेट आले तर ते पहिल्याच नाक्यावर अडवावे.

हा उपाय माहीत असूनही सर्वत्र अमलात आला नाही. कारण उघड आहे. तपासणीची मेहनत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा. आपल्या नाक्यावर खोटी बिल्टी अडवली तर वाचतो तो दूरचा अनोळखी माणूस. व्यापाराची कसोटी मात्र अशाच ठिकाणी लागते. आपल्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरू न देणे हा शेजारधर्म आहे आणि तो इंटरनेटवरही लागू आहे.

आपल्या बाजूनेही एक खोटी बिल्टी सहज ओळखता येते. दुकानातील संगणकांना बहुधा १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते असतात. हे पत्ते केवळ घरच्या वापरासाठी राखलेले आहेत. बाहेरून आलेल्या पॅकेटवर असा आतला पत्ता दिसला तर तो लबाड समजावा. बाहेरून येणारा ट्रक "मी तुमच्याच गोदामातून आलो" असे म्हणू लागला तर कोणता नाकेदार त्याला सोडील?

कॅमेरा पहारेकरी की फितूर?

आता आपल्या बाजारांत घरोघर दिसणाऱ्या वस्तूकडे वळू. चोरीच्या भीतीने आपण कॅमेरे लावतो. चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, इंटरनेटला जोडतो, कारण घरी बसून मोबाइलवर दुकान पाहायचे असते. बसवणारा मुलगा राउटरमध्ये एक दार बाहेरच्या जगासाठी उघडतो, कारखान्याने दिलेला पासवर्ड तसाच ठेवतो आणि पैसे घेऊन जातो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या कार्यक्रमाने अशाच पेट्या आणि राउटर शोधून काढले. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नावांच्या व पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. तो २३ क्रमांकाच्या दारावर थाप मारी आणि यादीतील किल्ल्या एकेक करून लावून पाही. अशा लाखो गुलाम यंत्रांची फौज उभी राहिली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. ज्यांच्या पेट्या त्या फौजेत होत्या, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. पहारेकरी म्हणून आणलेले यंत्र दुसऱ्याच्या घरावर दगड मारीत होते.

उघडी बाजू कोणती?

हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ.स. ६२७ मध्ये, मदिनेवर मोठे सैन्य चालून आले. तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने खंदक खोदण्यात आला. परंतु तो शहराच्या चहूबाजूंनी खोदला नाही. इतर बाजूंना खडकाळ जमीन, खजुरीच्या बागा आणि दाट घरे होती. उत्तरेची बाजू उघडी होती, तेथे खंदक झाला. प्रेषित (स.) स्वतः त्या खोदकामात सामील होते. या प्रसंगातून इतर पुष्कळ बोध आहेत, पण धंदेवाल्याने घ्यावा असा एक हा की भरवसा अल्लाहवर आणि मेहनत आपली, आणि मेहनत करण्यापूर्वी उघडी बाजू कोणती ते पाहून घ्यावे.

आपल्या पेढीची उघडी बाजू शोधण्यासाठी पुढील गोष्टी एका बैठकीत करता येतील. स्वतःला जमत नसेल तर जाणकार मुलाला शेजारी बसवून कराव्यात, पण समोर बसून कराव्यात.

१. राउटरचा पासवर्ड बदला. कारखान्याचा पासवर्ड म्हणजे कुलुपावरच लटकवलेली किल्ली. बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करा.

२. राउटरमध्ये कोणती दारे बाहेरच्या जगासाठी उघडली आहेत ती यादी पाहा. प्रत्येक दार कोणासाठी आहे असे विचारा. उत्तर मिळाले नाही तर ते बंद करा. यंत्रांना आपणहून दारे उघडू देणारी यूपीएनपी ही सोयही बंद ठेवा.

३. हिशेबनीस घरून काम करतो म्हणून ३३८९ चे दार जगाला उघडे ठेवू नका. या दारावर अनोळखी लोक रात्रंदिवस किल्ल्या लावून पाहत असतात. त्याऐवजी व्हीपीएन घ्या. तो जणू हिशेबनिसाच्या घरापासून पेढीपर्यंतचा खासगी बोगदा आहे, दुसऱ्याला त्यात शिरता येत नाही.

४. नियमांचा क्रम तपासा. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि जो नियम प्रथम लागू पडेल त्याप्रमाणे वागते. म्हणून खोट्या आतल्या पत्त्याचे पॅकेट फेकणे हा पहिला नियम, आतून मागितलेल्या मालाचे उत्तर सोडणे हा दुसरा, व्हीपीएनला वाट देणे हा तिसरा, आणि बाकी सर्व बंद हा शेवटचा. "सर्व येऊ द्या" हा नियम चुकून वर राहिला तर खालचे सारे नियम कागदावरच राहतात.

५. कॅमेरे, गिऱ्हाइकांना दिलेले वायफाय आणि हिशेबाचा संगणक एकाच जाळ्यात ठेवू नका. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय करता येते. एक शिरला तरी दुसऱ्या खोलीचे दार बंद राहिले पाहिजे.

६. संगणकातील विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू ठेवा. एखादे सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून ती कायमची बंद करण्याची चाल चुकीची आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात घ्या.

७. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. जुन्या पद्धतीत राउटरच्या एका पत्त्याआड सर्व यंत्रे आपोआप झाकली जात. नव्या पद्धतीत तो आडोसा नसतो. म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे की नाही ते मुद्दाम पाहा.

एवढे झाल्यावर एक परीक्षा घ्या. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइलच्याच डेटावरून दुकानाचा बाहेरचा पत्ता उघडून पाहा. कॅमेऱ्याच्या पेटीचे किंवा राउटरचे पान समोर आले, तर ते जगातील कोणालाही दिसते असे समजा.

नाक्याच्या आवाक्याबाहेरचे

नाकेदार बिल्टी वाचतो, गोणी फोडून पाहत नाही. आज बहुतेक माल सीलबंद पेटीत, म्हणजे गुप्त लिपीत येतो, त्यामुळे साध्या फायरवॉलला आतले दिसतही नाही. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या टपालावर आपणच बोट ठेवले तर तो आपण मागवलेला माल ठरतो आणि नाका त्याला सोडतो. फुकटात मिळालेले चोरीचे सॉफ्टवेअर आणि कोणाचाही पेनड्राइव्ह तर नाक्यावरून जातच नाहीत, ते मागच्या दाराने येतात. चोरीचे सॉफ्टवेअर वापरणे मुळातच हलालाच्या कमाईला शोभणारे नाही, आणि त्यातून होणारा तोटा हा वेगळाच.

म्हणून नाक्याच्या जोडीला खातेवहीची नक्कल हवीच. रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा एक प्रत दुकानाबाहेर न्यावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडते की नाही हेही पाहावे. नॉटपेट्यासारखा चोर विश्वासू टेम्पोतून आला तरी मग खंडणी मागणाऱ्यापुढे हात जोडावे लागत नाहीत. पैशाची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. कंपन्यांनी आपल्या यंत्रणेवरील हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी संस्थेला द्यावी, असा आदेश २८ एप्रिल २०२२ रोजी काढण्यात आला आहे.

शेवटी एकच गोष्ट. आपल्या संगणकात केवळ आपला नफा-तोटा नसतो. गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक, कारागिराच्या आधारकार्डाची प्रत, हाजींचे पासपोर्ट, भागीदाराचा हिशेब, या साऱ्या दुसऱ्यांच्या ठेवी आहेत. त्या आपल्याकडे अमानत म्हणून आल्या आहेत. गल्ल्यात कोणी ठेवायला दिलेली पुरचुंडी आपण उघड्यावर सोडून घरी जात नाही. तारेच्या टोकाशी असलेल्या या पुरचुंडीलाही तोच न्याय लावला पाहिजे.